कंपनी तुमची, सही तुमची. मग कर्ज कोणाचे?

आंब्याचा हंगाम संपल्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातील एक तरुण सल्ला विचारण्यासाठी आमच्याकडे आला. सोबत त्याचे वडील होते. हातात वकिलाची नोटीस होती. सहा लाख रुपये पंधरा दिवसांत द्यावेत, न दिल्यास दिवाणी दावा लावला जाईल, असा तिचा मजकूर होता. तरुणाचे म्हणणे एकच होते. "माझी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कंपनी बुडाली तरी मालकाच्या घरादाराला हात लागत नाही, असे मला सांगितले होते. मग ही नोटीस माझ्या नावाने कशी आली?"

हाच प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांना पडतो. अलीकडे आपले तरुण मोठ्या संख्येने स्वतःची कंपनी काढू लागले आहेत. नोंदणीचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. परंतु कंपनी काढणे वेगळे आणि कंपनीच्या नावाने व्यवहार करणे वेगळे, हा फरक बहुतेकांना कोणी समजावून सांगत नाही. म्हणून या अंकात हा विषय आम्ही जरा विस्ताराने मांडत आहोत.

हकीकत काय होती?

या तरुणाने दोन वर्षांपूर्वी भावाबरोबर कंपनी नोंदवली. दोघेही संचालक. आसपासच्या बागायतदारांकडून हापूस घ्यायचा, काही माल वाशीच्या बाजारात आणि काही आखातात पाठवायचा, असा धंदा. एका वयस्कर बागायतदाराकडून त्याने ४०० पेट्या घेतल्या. भाव पेटीला २,००० रुपये, म्हणजे एकूण आठ लाख. दोन लाख विसार दिला, बाकीचे सहा लाख हंगामानंतर द्यायचे ठरले.

सौदा बागायतदाराच्या खळ्यावर बसून तोंडी झाला. बागायतदाराने आपल्या डायरीत तारीख, पेट्या आणि भाव लिहिला. खाली तरुणाने सही केली, ती नुसती स्वतःच्या नावाची. विसाराचे दोन लाख मोबाइलवरून गेले, तेही त्याच्या घरच्या बचत खात्यातून. महिनाभर माल उचलला गेला. या सगळ्या काळात 'कंपनी' हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

पुढे आखाताकडे पाठवलेला बराचसा माल वाटेत खराब झाला आणि पलीकडच्या व्यापाऱ्याने पैसे अडकवून ठेवले. कंपनीच्या खात्यात काही उरले नाही. बागायतदार पैसे मागण्यासाठी आला तेव्हा तरुण म्हणाला, "चाचा, हे पैसे कंपनीने द्यायचे आहेत. कंपनीकडे आता काही शिल्लक नाही. मी तरी काय करू?"

चाचा चकित झाले. "कोणती कंपनी? मी कोणत्याही कंपनीला माल दिला नाही. तुझ्या अब्बांना मी तीस वर्षे ओळखतो. त्यांच्याकडे बघून तुला माल दिला."

चाचांचीही निकड होती. फवारणीच्या औषधांची दुकानदाराकडची उधारी त्यांना फेडायची होती. राखणदार आणि पेट्या भरणाऱ्या मजुरांची मजुरी त्यांनी पदरची दिली होती. अखेरीस ते वकिलाकडे गेले.

सर्व कागद पाहिल्यावर आम्हाला त्या तरुणाला सांगावे लागले की, कायद्याच्या दृष्टीने चाचांची बाजू भक्कम आहे. त्याचे कारण पुढे देत आहोत.

कंपनीची ढाल कोठून आली?

कंपनी ही कायद्याच्या नजरेत एक स्वतंत्र व्यक्ती असते. तिची मालमत्ता तिची, तिचे कर्जही तिचे. भागधारकाने शेअरची रक्कम भरली की कंपनीच्या कर्जाशी त्याचा सहसा संबंध राहत नाही. या तत्त्वाचा सर्वांत प्रसिद्ध निकाल लंडनचा आहे. ॲरन सॉलोमन नावाचे एक बूट तयार करणारे व्यापारी होते. त्यांनी आपला चालू धंदा एका नव्या मर्यादित कंपनीला विकला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे सात भागधारक लागत. ते स्वतः, त्यांची पत्नी आणि पाच मुले असे सात झाले. पुढे कंपनी बुडाली. धनको म्हणाले, कंपनी म्हणजे सॉलोमनच. पैसे त्यांनी द्यावेत. नोव्हेंबर १८९६ मध्ये इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळे. कंपनीची देणी त्यांच्या अंगावर टाकता येणार नाहीत.

आपल्याकडे कंपनीविषयी बोलताना या निकालाचा एवढाच भाग सांगितला जातो. पण त्याच निकालात न्यायाधीश लॉर्ड मॅक्नॉटन यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. सॉलोमन पूर्वीपासून पैसे वेळेवर देत आले होते, म्हणून लोकांनी बहुधा त्याच भरवशावर कंपनीला उधार दिले असावे. पण आपण आता एका व्यक्तीशी व्यवहार करीत नाही याची पूर्ण सूचना त्यांना होती, असे त्यांनी म्हटले. सॉलोमन यांनी 'लिमिटेड' ही गोष्ट लपवली नव्हती. समोरच्याने जाणूनबुजून कंपनीला उधार दिले होते.

आमच्याकडे आलेल्या तरुणाचे प्रकरण नेमके येथेच वेगळे पडते. चाचांनीही जुन्या ओळखीवर माल दिला. पण आपण कंपनीला माल देत आहोत याची सूचना त्यांना कोणी दिलीच नव्हती.

करार कायदा काय म्हणतो?

कंपनीला हात-पाय नसतात. तिच्या वतीने कोणीतरी माणूस बोलतो, सौदा करतो, सही करतो. हा माणूस कंपनीचा एजंट असतो, मग तो संचालक असो, मॅनेजर असो वा मुनीम. म्हणून येथे एजंटविषयीचा कायदा लागू होतो. तो १८७२ च्या भारतीय करार कायद्यात आहे आणि आजही चालू आहे.

त्या कायद्याचे कलम २३० पाहावे. (कोकणात 'कलम' म्हटले की आधी आंब्याचे झाड आठवते, पण या तरुणाला हे दुसरे कलम माहीत असते तर पहिल्या कलमांचा सौदा अंगावर आला नसता.) या कलमाचा पहिला भाग एजंटच्या सोयीचा आहे. एजंटने आपल्या मालकाच्या वतीने केलेल्या कराराला एजंट स्वतः बांधील नसतो. परंतु लगेच पुढे तीन प्रसंग दिले आहेत. त्या प्रसंगांत एजंट स्वतः बांधील आहे असे कायदा गृहीत धरतो.

पहिला प्रसंग: परदेशात राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एजंटने माल घेतला किंवा विकला.

दुसरा प्रसंग: एजंटने आपल्या मालकाचे नाव उघड केले नाही.

तिसरा प्रसंग: नाव उघड केले, पण त्या मालकावर दावा लावताच येत नाही.

आपला तरुण दुसऱ्या प्रसंगात सापडतो. त्याचा मालक म्हणजे त्याची कंपनी. तिचे नाव त्याने उघड केले नाही. म्हणून सहा लाखांची जबाबदारी त्याच्यावर येते. 'गृहीत धरतो' याचा अर्थ असा की, तसे ठरले नव्हते हे सिद्ध करण्याची संधी तरुणाला मिळते. पण ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर असतो आणि त्याच्याकडे कागदाचा एक कपटाही नव्हता.

या नियमामागे साधा न्याय आहे. उधार देणारा मनुष्य कोणाला उधार देतो याचा आधी विचार करतो. समोरच्याची ऐपत, त्याचे घराणे, त्याची जुनी देवघेव पाहतो. मर्यादित कंपनीला उधार द्यायचे झाल्यास तो कदाचित विसार जास्त मागेल, जामीन मागेल किंवा माल देणारच नाही. हा विचार करण्याची संधी त्याला न देता नंतर कंपनीचे नाव पुढे करणे बरोबर नाही, ही कायद्याची भूमिका आहे.

दोघांकडूनही मागता येते

तरुणाचा पुढचा प्रश्न असा होता: "पण माल तर खरोखर कंपनीसाठीच घेतला होता. कंपनीच्या वह्यांत त्याची नोंद आहे. मग कंपनी सुटली का?"

नाही, कंपनीही सुटत नाही. कलम २३३ प्रमाणे, एजंट स्वतः जबाबदार असेल तेव्हा समोरचा माणूस एजंटला, मालकाला किंवा दोघांनाही जबाबदार धरू शकतो. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. एकाने दुसऱ्याला कापसाच्या १०० गासड्या विकण्याचा करार केला. नंतर कळले की घेणारा तिसऱ्याचा एजंट होता. विकणारा किमतीसाठी दोघांपैकी कोणावरही किंवा दोघांवरही दावा लावू शकतो. कापसाच्या जागी आंबा घातला की हीच आपली हकीकत होते.

चाचांनी पैसे तरुणाकडून वसूल केले, तर तरुणाला ते आपल्या कंपनीकडून मागता येतात. एजंटने दिलेल्या अधिकारात राहून केलेल्या कायदेशीर कामाची भरपाई मालकाने करावी, असे कलम २२२ सांगते. पण कंपनीची तिजोरी रिकामी असेल तर या हक्काचा उपयोग कागदापुरताच राहतो.

नाव लपून राहिल्याचा तोटा कंपनीलाही होतो. समजा, तुम्ही कंपनीचा माल कोणाला विकला आणि कंपनीचे नाव सांगितले नाही. त्या गिऱ्हाइकाचे तुमच्याकडे जुने पैसे येणे असतील, तर तो ते या मालाच्या किमतीतून वळते करून घेऊ शकतो. मग कंपनी म्हणाली की माल माझा आहे, पूर्ण पैसे मला द्या, तरी चालत नाही. कलम २३२ मध्ये तांदळाच्या व्यवहाराचे असेच उदाहरण आहे.

कशाला 'सांगितले' म्हणता येत नाही?

नाव उघड करणे म्हणजे काय, याबद्दल अनेक गैरसमज आहेत. नेहमी आढळणारे काही येथे देतो.

एक, "कंपनीची नोंदणी सरकारदरबारी आहे, कोणीही पाहू शकतो." नोंदणी असणे म्हणजे समोरच्याला सांगणे नव्हे. सौदा करताना आपण कोणासाठी बोलतो हे सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे. पेट्या भरून देणाऱ्या बागायतदाराने कंपनी निबंधकाच्या नोंदी धुंडाळाव्यात अशी अपेक्षा धरता येत नाही.

दोन, "दुकानावर पाटी आहे." पाटीवर नुसते 'ट्रेडर्स', 'एक्स्पोर्ट' किंवा 'अँड सन्स' असेल, तर त्यावरून ती मर्यादित कंपनी आहे हे कोणाला कळणार? एकट्याच्या मालकीचे दुकानही याच नावाने चालते. वडिलांच्या दुकानाची पाटी तशीच ठेवून आत कंपनी चालवणाऱ्यांनी याबाबत विशेष सावध राहावे. जुन्या गिऱ्हाइकाच्या आणि जुन्या पुरवठादाराच्या मनात तुम्ही अजून तेच जुने दुकानदार असता.

तीन, "नंतर पत्र पाठवून कळवले होते." प्रश्न सौद्याच्या वेळचा असतो. नंतर कळवल्याचा उपयोग पुढच्या सौद्यांना होतो. आधी दिलेल्या मालाचे देणे त्यामुळे तुमच्या अंगावरून उतरत नाही.

चार, "मी तर दुबईच्या मामूंसाठी माल घेतला, हे सर्वांना माहीत होते." येथे कलम २३० चा पहिला प्रसंग लागू होतो. परदेशातील व्यापाऱ्यासाठी खरेदी केली, तर तुम्ही स्वतः बांधील आहात असे कायदा धरून चालतो, नाव सांगितले असले तरी. आखातातील नातेवाइकांसाठी येथे माल गोळा करणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावे आणि पैसे कोण देणार हे आधी लेखी ठरवून घ्यावे.

पाच, "सही केली, पण ती कंपनीसाठी." चेक, हुंडी किंवा वचनचिठ्ठीवर नुसती आपल्या नावाची सही करणे फार धोक्याचे आहे. १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याचे कलम २८ सांगते की, आपण एजंट म्हणून सही करीत आहोत किंवा स्वतः जबाबदारी घेत नाही असे त्या कागदावर न दाखवता सही करणारा स्वतः जबाबदार ठरतो. ज्याने 'फक्त मालक जबाबदार राहील' असा विश्वास देऊन सही करून घेतली असेल, तेवढाच याला अपवाद आहे.

कंपनी जन्मण्यापूर्वीचा सौदा

काही जण कंपनीचे नाव सांगतात, पण कंपनी अजून नोंदलेलीच नसते. "कागद दिले आहेत, आठ-दहा दिवसांत नंबर येईल" असे म्हणून जागा घेतात, माल उचलतात. जी कंपनी जन्मलेलीच नाही तिचा एजंट कसा असेल? इंग्लंडमध्ये १८६६ सालच्या एका खटल्यात, होऊ घातलेल्या हॉटेल कंपनीच्या वतीने माल घेऊन सह्या करणारेच स्वतः जबाबदार ठरले होते. आपल्याकडे १९६३ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याने यातून एक वाट ठेवली आहे. कंपनीच्या कामासाठी आधी केलेला करार नोंदणीनंतर कंपनीने स्वीकारला आणि तसे समोरच्याला कळवले, तर तो करार कंपनीवर लागू करता येतो. म्हणून नोंदणी झाल्यावर पहिल्याच सभेत असे करार स्वीकारल्याचा ठराव करावा आणि समोरच्याला पत्र द्यावे. तोपर्यंत जोखीम तुमची आहे असे समजून चालावे.

कंपनी चालवणाऱ्यांनी काय करावे?

उपाय अवघड नाहीत आणि फार खर्चाचेही नाहीत.

१) सौद्याच्या सुरुवातीलाच कंपनीचे पूर्ण नाव सांगावे. 'प्रायव्हेट लिमिटेड' हे शब्द गाळू नयेत. सौदा तोंडी झाला असेल तर त्याच दिवशी मोबाइलवरून दोन ओळींचा संदेश पाठवावा: अमुक प्रायव्हेट लिमिटेडने इतका माल या भावाने घेतला, पैसे कंपनी देईल.

२) सही नेहमी 'अमुक प्रायव्हेट लिमिटेडकरिता' असे लिहून त्याखाली करावी आणि नावाखाली 'संचालक' लिहावे. दुसऱ्याच्या डायरीत सही करतानाही हाच नियम पाळावा. कंपनीच्या नावाचा रबरी शिक्का खिशात ठेवावा.

३) २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंपनीच्या प्रत्येक कार्यालयाबाहेर नाव आणि नोंदणीकृत पत्ता लावावा लागतो, तोही स्थानिक भाषेत असावा लागतो. पत्रांवर आणि बिलांवर नाव, नोंदणीकृत पत्ता आणि कंपनीचा ओळख क्रमांक छापावा लागतो. हे न केल्यास कंपनीला आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे, हेच छापील कागद पुढे तुमचा पुरावा ठरतात. एल.एल.पी. चालवणाऱ्यांनाही बिलांवर आणि पत्रांवर आपली जबाबदारी मर्यादित असल्याचे छापावे लागते.

४) पैसे कंपनीच्या खात्यातूनच द्यावेत. घरच्या खात्यातून विसार देणे म्हणजे आपणच आपल्याविरुद्ध पुरावा तयार करणे.

५) पुरवठादाराचे बिल कंपनीच्या नावाने मागावे. जी.एस.टी. लागणारा माल असेल तर कंपनीचाच नंबर द्यावा. ताज्या आंब्यासारख्या करमुक्त मालात बिलाची सवय नसते, तेथे निदान पावती कंपनीच्या नावाने करावी.

६) जुना धंदा कंपनीत रूपांतरित केला असेल तर सर्व जुन्या पुरवठादारांना पत्र द्यावे आणि पोहोच घ्यावी. जुने खाते बंद करून कंपनीच्या नावाने नवे खाते उघडण्यास सांगावे.

एक इशारा द्यावासा वाटतो. हे सर्व नीट केले आणि दुसरीकडे बँकेला किंवा पुरवठादाराला वैयक्तिक जामीनही लिहून दिला, तर कंपनीची ढाल त्या कर्जापुरती उपयोगाची राहत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, असे करार कायद्याचे कलम १२८ सांगते. म्हणून पुढे आलेला प्रत्येक कागद वाचल्याशिवाय सही करू नये.

माल देणाऱ्यांनी काय करावे?

आमचे अनेक वाचक चाचांच्या बाजूचे, म्हणजे उधार देणारे आहेत. त्यांनी सौद्याच्या वेळी एकच प्रश्न विचारावा: "पैसे कोण देणार, तुम्ही की कंपनी?" उत्तर डायरीत लिहून सही घ्यावी. उत्तर 'कंपनी' असे आले तर कंपनीची ऐपत पाहावी, विसार वाढवून घ्यावा किंवा संचालकाचा लेखी जामीन घ्यावा. कंपनीचे नाव सांगितल्यावरही आपण गप्प राहिलो आणि माल दिला, तर नंतर संचालकाच्या घराकडे बोट दाखवता येणार नाही.

बोलतानाही जपावे. "तू काळजी करू नकोस, मी कंपनीकडूनच घेईन" असे तुम्ही म्हणालात आणि त्या भरवशावर समोरचा वागला, तर कलम २३४ प्रमाणे नंतर त्याला जबाबदार धरता येत नाही. मालाच्या किमतीसाठीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, हेही विसरू नये. ओळखीखातर थांबता थांबता मुदत निघून गेली असे होऊ देऊ नये.

शेवटी काय झाले?

त्या दिवशी तरुण बराच वेळ गप्प बसला. मग त्याचे वडीलच बोलले. "कायद्याचे मला कळत नाही. पण त्यांनी माझ्याकडे बघून माल दिला, हे खरे आहे." दावा लागण्यापूर्वीच दोन्ही घरची मोठी माणसे बसली. तरुणाने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडून दोन लाख दिले. उरलेले चार लाख महिना पंचवीस हजारांप्रमाणे सोळा हप्त्यांत द्यायचे ठरले. लेखी करार झाला आणि नोटीस मागे घेतली गेली. बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे गेले.

त्या तरुणाचा हेतू वाईट नव्हता. कंपनी काढली म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे तो समजून चालला होता. पण नोंदणीचे प्रमाणपत्र घरच्या कपाटात होते आणि सौदा खळ्यावर झाला. कंपनीचे संरक्षण हवे असेल तर कंपनीचे नाव त्या खळ्यावर, त्या डायरीत, त्या सहीच्या वर यायला हवे होते. तो आता कंपनीच्या नावाचे पावती पुस्तक छापून घेत आहे. आपल्या धंद्यातील वाचकांनीही आपली बिले, पाटी आणि सही करण्याची पद्धत आज एकदा तपासून पाहावी. रक्कम मोठी असेल किंवा वाद सुरू झाला असेल, तर मात्र सर्व कागद घेऊन चांगल्या वकिलाला भेटावे.